भुयारी रस्ते की भुयारी मेट्रो? पोवई नाक्यावरून सुचलेला प्रश्न

संगममाहुली | रविवार, रात्री ९:१०

गेल्या महिन्यात आईला गुडघ्यांसाठी पुण्यात डेक्कनच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. सकाळची सातारा-स्वारगेट विनाथांबा पकडली. एरवी स्वारगेटला उतरलं की रिक्षावाल्याशी घासाघीस, मग टिळक रोडचे सिग्नल. या वेळी ठरवून मेट्रोनं गेलो.

सरकत्या जिन्यापाशी आई थबकली. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. पदर कमरेला खोचला, पुन्हा पुढे टाकला, पुन्हा मागे. मागे माणसं तुंबली, पण कुणी चकार शब्द काढला नाही. एका कॉलेजच्या मुलीनं तिचं कोपर धरलं, "आजी, माझ्याबरोबर टाका पाय" म्हणाली आणि दोघी खाली पोचल्यासुद्धा. मंडई, कसबा पेठ, सिव्हिल कोर्ट. तिथे गाडी बदलून डेक्कन. वर मंडईच्या गर्दीत काय चाललं असेल याचा खाली पत्ताच नाही. आई गाडीभर बघत होती. म्हणाली, "एवढी माणसं वरच्या रस्त्यावर असती तर?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. संध्याकाळी परत आलो तर भाच्यानं मोबाइलवर लास व्हेगासचा व्हिडिओ दाखवला. तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरखाली एलॉन मस्कच्या बोरिंग कंपनीनं बोगदे खोदलेत आणि २०२१ पासून त्यातून टेस्ला मोटारी प्रवासी नेतात. भाचा म्हणतो, "मामा, राजवाडा ते पोवई नाका ते बॉम्बे रेस्टॉरंट चौक असा बोगदा मारला तर साताऱ्याचा प्रश्नच मिटला. मेट्रोपेक्षा किती स्वस्त!"

नाक्याखालचा ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालून नेलेला भुयारी रस्ता, आपण रोज वापरतो, त्यामुळे ही कल्पना साताऱ्यात कुणाला अशक्य वाटणार नाही. पण मला ती पटत नाही. जमीन एकदाच पोखरता येते. मग त्या पोकळीतून तासाला किती गाड्या जातात हे विचारायचं, की किती माणसं जातात हे? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं, भाच्यालाही वाचायला देणार आहे.

यवतेश्वर_घाट | रविवार, रात्री १०:०२

मी भाच्याच्या बाजूनं.

ग्रेड सेपरेटरचं काम चालू होतं तेव्हा नाक्यावर किती हाल झाले ते सगळ्यांना आठवत असेल. धूळ, पत्रे, रोज नवा वळसा. पण जानेवारी २०२१ मध्ये तो खुला झाल्यापासून माझा रोजचा वेळ वाचतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. एवढ्याशा भुयारानं इतका फरक पडतो, तर लांब भुयारानं किती पडेल?

आणि मेट्रोचं नाव आपण घ्यावं का? सातारा शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ लाख २० हजारांच्या आसपास. मुंबईची आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो साडेतेहतीस किलोमीटरची, खर्च ३७ हजार कोटींच्या वर. म्हणजे किलोमीटरला हजार कोटीहून जास्त. आपल्याला कोण देणार? व्हेगासचं काम सव्वापाच कोटी डॉलरच्या आसपास झालं. छोट्या गावाला जमिनीखालून काही परवडणारच असेल तर ते हेच.

आणखी एक. तुमच्या आईंना सरकत्या जिन्याची भीती वाटली. मोटार असती तर घराच्या दारातून डॉक्टरांच्या दारात. म्हाताऱ्या माणसाला याहून सोयीचं काय?

खडकफोड | रविवार, रात्री ११:४८

मी स्थापत्य अभियंता, गेली बारा वर्षं बोगद्यांच्या कामावर. वडील कोयना जलविद्युत प्रकल्पावर पोफळीत होते. लहानपणी जेवताना घरात विषय एकच असायचा, आज किती मीटर खोदलं. त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी स्वस्ताईबद्दल. व्हेगासच्या बोगद्याचा आतला व्यास १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. मेट्रोच्या बोगद्याचा साधारण ५.८ मीटर. व्यास दीडपटीहून थोडा जास्त दिसतो, पण खडक काढायचा तो क्षेत्रफळाच्या हिशेबानं. तो जवळजवळ अडीचपट निघतो. अडीचपट डबर, ते वाहायला तेवढे डंपर, अस्तराला जास्त काँक्रीट. बोगदा बारीक केला की स्वस्त होतो, त्यात जादू काही नाही.

दुसरं, मेट्रोचा मोठा पैसा स्थानकं खातात. संगममाहुली, तुम्ही सिव्हिल कोर्टला गाडी बदललीत ते स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, दहा मजली इमारत उलटी पुरल्यासारखं. जिने, लिफ्ट, हवा खेळती ठेवायची यंत्रणा, आग लागली तर धूर ओढून घ्यायची सोय, आणीबाणीचे मार्ग. व्हेगासला सुरुवातीला तीन स्थानकं होती, त्यातली दोन चक्क जमिनीवर. आणि मार्गाची लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास. यवतेश्वर, तुम्ही दिलेला आकडा बरोबर आहे, पण त्या पैशात काय मिळालं तेही शेजारी लिहायला हवं.

आता माणसांचा हिशेब. व्हेगासच्या करारात क्षमता तासाला ४,४०० प्रवासी. सगळ्यात गर्दीच्या दिवशी दिवसभरात ३२ हजारांच्या आसपास प्रवासी नेल्याचं कंपनी सांगते. प्रदर्शनाच्या आवारासाठी हे काम चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण प्रत्येक मोटारीत एक चालक आणि तीन-चार प्रवासी. पुणे मेट्रोची तीन डब्यांची गाडी भरली की नऊशेच्या वर माणसं. दर ५ मिनिटांनी गाडी सोडली तरी तासाला १२ गाड्या, जवळपास ११ हजार माणसं, तीही एकाच दिशेनं. गर्दी वाढली की ५ मिनिटांची ३ मिनिटं करता येतात, डबे वाढवता येतात. बोगदा तोच राहतो. मोटारींच्या बोगद्यात ही सोय नाही. साध्या रस्त्याची एक लेन घ्या. तासाला फार तर १,८०० ते २,००० मोटारी जातात. मोटारीमागे सरासरी दीड माणूस धरला तर ३ हजार. लेन जमिनीवर असो की जमिनीखाली, आकडा तोच.

तिसरी गोष्ट नकाशावर दिसत नाही. बोगद्याची तोंडं. मोटार खाली न्यायची तर उतार लागतो. शेकडा ५ चा उतार धरला तर ५ मीटर खाली जायला १०० मीटर रस्ता खर्ची पडतो, दोन्ही टोकांना, आणि तेवढ्या लांबीत वरच्या माणसाला रस्ता ओलांडता येत नाही. राजवाड्यापाशी हे १०० मीटर कुठून आणणार? बरं, आणले. बोगद्यातून झटक्यात आलेल्या मोटारी मोती चौकात बाहेर पडल्या, मग त्या लावणार कुठे? मेट्रोची गाडी माणसं उतरवते आणि निघून जाते. मोटार मालक परत येईपर्यंत तिथेच जागा धरून बसते.

व्हेगासमध्येही २०२२ च्या जानेवारीतल्या सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनात बोगद्यात मोटारी एकामागे एक खोळंबल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. एक गाडी तोंडाशी थांबली की मागची सगळी रांग थांबणारच. बाजूनं काढायला जागा कुठाय?

पाटण_कोयना | सोमवार, सकाळी ७:२५

खडकफोड दादा, पोफळीचं नाव वाचून बरं वाटलं. १९९९ आणि २०१२ ची लेक टॅपिंग आमच्या घरी सणासारखी आठवतात. धरणाच्या भरल्या पाण्याखालून बोगद्याचं तोंड फोडणारे लोक आपल्याच भागात राबले.

एक शंका. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या आजोबांनी अंगावर झेललाय. भूकंपाच्या पट्ट्यात जमिनीखाली माणसं न्यावीत का?

खडकफोड | सोमवार, सकाळी ८:१०

पक्क्या खडकातला बोगदा खडकाबरोबरच हलतो, त्यामुळे उंच इमारतीपेक्षा त्याला इजा कमी होते. धोका जास्त असतो तो तोंडापाशी, जिथे माती भुसभुशीत असते किंवा डोंगराचा उतार सैल असतो, आणि जिथे खडकाचा थर बदलतो तिथे. तो अभ्यास व्हायलाच हवा. पण फक्त भूकंपाच्या भीतीनं नाही म्हणू नये.

शेंद्रे_फाटा | सोमवार, दुपारी १:३३

मी टेंपो चालवतो. सातारा ते पुणे आठवड्याला चार खेपा. आकडेमोड मला येत न्हाय, पण बोगद्यात अडकलो की काय होतं ते सांगतो.

खंबाटकीचा बोगदा. पुण्याकडं जाणारी गाडी त्यातनं जाते आन साताऱ्याकडं येणारी घाटानं, हे सगळ्यांना म्हाईत हाय. मागल्या उन्हाळ्यात आत शिरलो आन पुढं उसाचा रिकामा ट्रक बंद पडलेला. निम्मा बोगदा मागं, निम्मा पुढं. इंजनं बंद करा म्हणून लोक वरडत होते, पण सगळे कुठं ऐकत्यात. पाच मिनिटांत डोळं चुरचुरायला लागलं. माझ्या पुढच्या मोटारीत बाळंतीण होती, माहेरी निघालेली. तिच्या भावानं ओला टावेल काचेला लावला. शेवटी आम्ही चौघं उतरलो, ट्रक रेटत रेटत कडेला घेतला. वीस मिनिटं गेली असतील. आजपतर बोगद्यात शिरताना माझा हात आपसूक काचेवर जातो.

घाटातला बोगदा पायजेच, त्याबद्दल वाद न्हाय. त्यो नसता तर आम्ही दिवसभर घाटातच. पण रोजच्या शाळा-हाफिसाला माणसानं असल्या भोकातनं, आपापल्या गाडीत बसून, धूर खात का जावं?

खडकफोड | सोमवार, दुपारी २:०५

शेंद्रेकर, तुम्ही जे भोगलंत तेच लंडननं दीडशे वर्षांपूर्वी भोगलं. १८६३ मध्ये तिथे जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली ती वाफेच्या इंजिनावर. धुराला वाट द्यायला ठिकठिकाणी छत उघडं ठेवावं लागायचं. १८९० ला विजेची गाडी आली आणि मगच खोल बोगदे काढणं शक्य झालं. धूर करणारं यंत्र बोगद्यात न्यायचं नाही हा शहाणपणा मेट्रोवाल्यांनी तेव्हाच शिकून घेतला. व्हेगासला विजेच्या मोटारी आहेत, तो मुद्दा त्यांच्या बाजूचा. पण आपल्या रस्त्यावर डिझेलची गाडी उद्याच बंद होणार नाही. आणि डिझेल गाड्यांचा लांब बोगदा म्हटला की छताला पंखे, ते चोवीस तास, त्यांचं वीजबिल कायमचं.

अडकलेल्या माणसाला बाहेर काढायची सोयही बघा. मेट्रोच्या बोगद्यात कडेनं चालायची वाट असते आणि ठरावीक अंतरावर शेजारच्या बोगद्यात जायला आडवी दारं. फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात मार्च १९९९ मध्ये एका ट्रकनं पेट घेतला आणि ३९ माणसं गेली. मेट्रोत आग लागत नाही असं मी म्हणत नाही. दक्षिण कोरियातल्या देगूला २००३ मध्ये १९२ माणसं दगावली. पण मेट्रोत त्या एका अपघातानंतर सगळ्या डब्यांचं सामान बदलता येतं. मोटारींच्या बोगद्यात प्रत्येक गाडी वेगळ्या मालकाची. तिची देखभाल झालीय की नाही हे आत शिरताना कुणाला कळतं?

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ९:५०

मी सांगलीची, नोकरी मिरजेला एका दवाखान्यात. आमच्याकडे "जमिनीखाली" हा शब्द उच्चारला की आधी पाणी आठवतं.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या इमारतीच्या तळघरात अकरा दुचाकी आणि चार मोटारी होत्या. पाणी उताराच्या तोंडातून आत आलं तेव्हा आवाजही झाला नाही. जिन्यातून बघितलं तर मोटारींचे टप दिसत होते, तासाभरानं तेही दिसेनात. पाणी ओसरल्यावर त्या तळघरातला गाळ काढायला आम्हाला आठवडा लागला. घमेल्यांनी, माणसांची रांग करून. भिंतीवरची गाळाची रेघ अजून पुरती गेलेली नाही.

मोटारीच्या बोगद्याचं तोंड हा उतारच असतो, आणि उतार दिसला की पाणी येणार. दिल्लीतल्या प्रगती मैदानच्या बोगद्यात पाणी तुंबल्याचं आपण वाचलंय. मेट्रोलाही हे चुकलेलं नाही. २६ मे २०२५ च्या पावसात मुंबईत आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलंच. पण मेट्रोच्या दाराशी आधी चार पायऱ्या वर चढवून मग खाली नेता येतं. मोटारीला पायऱ्या कशा चढवणार?

आमचा प्रश्न वेगळाच आहे. सांगली-मिरज अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. मध्ये विश्रामबाग. या एका सरळ रस्त्यावर विद्यार्थी, पेशंट, नर्सा, बाजारकरी सगळे. मी बसनं जाते, बस चुकली तर शेअर रिक्षा, चौघींच्या जागेत सहा. इथे भुयारही नको आणि मेट्रोही नको. बसला स्वतःची एक लेन द्या आणि दर दहा मिनिटांनी बस सोडा. रात्रपाळी संपवून येणाऱ्या बाईला पहाटे साडेपाचला बस मिळेल याची खात्री हवी. तेवढं मिळालं तर मी स्कूटर विकेन.

यवतेश्वर_घाट | सोमवार, रात्री १०:४०

ताई, तुमचं तळघर वाचून गप्प झालो. राजवाडा ते हायवे बोगद्याचा हट्ट मी सोडतो. मोती चौकातल्या पार्किंगचा विचार मी खरंच केला नव्हता.

पण सगळे मोटारींचे बोगदे एका मापानं मोजू नका. खंबाटकीच्या नव्या जुळ्या बोगद्यांत प्रत्येकी ३ लेन आहेत, ते हवेतच. जुन्या बोगद्यानंतरच्या वळणावर किती अपघात झाले, आपल्या ओळखीतल्या किती घरांना झळ बसली! आपल्या साताऱ्यातला इंग्रजांच्या काळातला बोगदाच बघा. तो नसता तर सज्जनगड, ठोसेघरच्या बाजूला जायला केवढा वळसा पडला असता. आणि अमेरिकेत बोस्टनला शहराच्या छातीवरचा उड्डाण महामार्ग पाडून जमिनीखाली नेला, वर बाग केली. शहराचे दोन तुकडे झाले होते ते जोडले गेले.

खडकफोड | सोमवार, रात्री ११:१५

डोंगराचे बोगदे हवेत, एकमत. तिथे दुसरा रस्ताच नसतो.

बोस्टनचं मात्र पूर्ण सांगायला हवं. १९९१ ला काम सुरू, २००७ ला संपलं, खर्च १४ अब्ज डॉलरच्या वर. २००६ मध्ये छताचे काँक्रीटचे स्लॅब मोटारीवर पडून एका बाईचा जीव गेला. बाग सुंदर आहे, पण तेवढ्या पैशात माणसं किती हलली असती हा विचार करावा लागतो.

आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट. मुंबईच्या किनारी रस्त्याचे २.०७ किलोमीटरचे जुळे बोगदे मार्च २०२४ पासून सुरू झाले. उत्तम काम आहे, मी आतून बघितलंय. पण त्या रस्त्यावर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. साताऱ्यात सकाळी साडेनऊला नाक्यावर उभं राहून बघा, बहुतेक घरं दुचाकीवर चालतात. लांब बोगदा झाला आणि सुरक्षेसाठी दुचाकी बंद केल्या, तर पैसा सगळ्यांचा आणि वाट मोटारवाल्यांची. बंगळुरात हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या साधारण १७ किलोमीटरच्या भुयारी रस्त्याला विरोध चाललाय, त्यातही मेट्रो आणि बसवर हा पैसा का नाही, हाच प्रश्न आहे.

सांगलीच्या ताईंचं बरोबर आहे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातही मेट्रो मागण्याआधी बस, बीआरटी (बससाठी राखीव लेन), हलकी रेल्वे अशा पर्यायांची तुलना करणं बंधनकारक केलंय.

निवृत्त_वाहक | मंगळवार, सकाळी ६:४०

एसटीत एकतीस वर्षं तिकिटं फाडली. सातारा-स्वारगेट तर घरच्यासारखं. सगळ्यांचं वाचलं, छान लिहिताय पोरांनो.

एका बसमध्ये चव्वेचाळीस बसलेली आणि वर वीस-एक उभी. तेवढीच माणसं मोटारीत घातली तर रांग कुठपर्यंत जाईल, ती मी कात्रजच्या उतारावर रोज बघितलीय. पुण्यात २००६ च्या शेवटी सातारा रस्त्यावरच बीआरटीची पहिली लेन सुरू झाली. सुरुवातीच्या दिवसांत वाटलं, आता बस सुटली. मग त्या लेनमध्ये दुचाकी शिरल्या, रिक्षा शिरल्या, थांब्यापाशी रस्ता ओलांडणाऱ्याचे हाल. लेन रंगवून भागत नाही. ती राखायला माणूस उभा करावा लागतो, रोज, पावसातसुद्धा.

आज ७५ वरच्यांना एसटी मोफत आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. बायका किती बाहेर पडायला लागल्या ते वाहकाला विचारा. पूर्वी दवाखान्याला नवऱ्याची वाट बघत बसायच्या. आता दोघी-तिघी मिळून येतात, पिशवीत भाकरी बांधून. सवलत जमिनीवरच्या गाडीला दिली म्हणून हे झालं. मला भुयाराचं वावडं नाही, पुण्याला लागतंच. आपल्याला मात्र राजवाडा-स्टँड-एमआयडीसी अशी दर दहा मिनिटांनी बस आधी द्या.

संगममाहुली | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्यानं पूर्ण धागा वाचला. अडीचपट खडकाचा हिशेब त्यानं वहीत करून बघितला, आणि मग मला विचारलं की नाक्यावरून तासाला माणसं किती जातात. मला सांगता आलं नाही. गाड्या किती जातात याची चर्चा होते, डोकी कुणी मोजलेली माझ्या ऐकिवात नाहीत.

आईची पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. स्वारगेटनंतर मेट्रोनंच जायचं, असं तिनं आत्ताच सांगून ठेवलंय. जिन्याचं भय गेलंय. तिला काळजी आहे ती माहुलीहून स्टँडला पोचायची. सकाळी सहाला वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, मिळालं तर मिळालं, आणि त्याच्या पायरीवर तिचा गुडघा चढत नाही. पुण्याच्या पोटातून ती आरामात जाते आणि घरापासूनच्या पहिल्या पाच किलोमीटरला अडते.

यवतेश्वर, तुमच्या दारापासून दारापर्यंतच्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार केला. मुद्दा खरा आहे. पण तिला हवीय ती कमी उंचीच्या पायरीची वेळेवर येणारी बस. ती आली तर आमच्या दारातच आली म्हणायची.

शनिवारी सकाळी साडेनऊ ते साडेदहा मी आणि भाचा पोवई नाक्यावर बसतोय. दुचाकीवर किती, मोटारीत किती, बसमध्ये किती, पायी किती, सगळं लिहून घेणार. चारी बाजूंना माणूस हवा, दोनच झालेत. मोजून झालं की आकडे इथेच टाकतो, आणि ते जोडून बसच्या मागणीचा अर्ज करू.

शेंद्रे_फाटा | मंगळवार, रात्री ९:४४

शनवारी खेप न्हाय. कोरेगाव रस्त्याची बाजू माझी.

निवृत्त_वाहक | मंगळवार, रात्री ९:५१

मी येतो. बसमधली डोकी मला द्या. चालत्या गाडीत मोजायची सवय अजून गेलेली नाही.